फिरती चित्रं, पुसलेल्या भिंती

नलिनी मलानी यांची ओळख करून द्यायची तर यादीच द्यावी लागते. चित्रं, रेखाटनं, लघुपट, कॅमेऱ्यावाचून काढलेली छायाचित्रं, नाटकासाठी रचलेला अवकाश, व्हिडिओची मांडणशिल्पं, आणि सत्तरी ओलांडल्यावर आयपॅडवर बोटाने केलेली अॅनिमेशन्स. २०१९ चा जोआन मिरो पुरस्कार आणि २०२३ चा क्योटो पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या बातम्यांतही थोड्याफार फरकाने हीच यादी होती. ती खोटी नाही. पण ती वाचून असं वाटतं की ही बाई पन्नास वर्षं नुसती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात राहिली. अनेक माध्यमांत काम करणाऱ्या कलावंताबद्दल आपल्याकडे एक तर भाबडं कौतुक असतं, नाहीतर 'एक ना धड' असा संशय. दोन्ही वेळा विचारायचा प्रश्न विचारायचा राहतो: माध्यम बदललं ते का?

मलानींच्या बाबतीत हा प्रश्न धरून मागे गेलं की बहुतेक वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. चित्रासमोर कोण उभं राहणार, कुठे उभं राहणार आणि किती वेळ, या गोष्टीने त्यांना कधी स्वस्थ बसू दिलेलं दिसत नाही. भिंतीवर टांगलेल्या तैलचित्राने याची उत्तरं आधीच दिलेली असतात. बघणारा समोर उभा राहील, चित्र हलणार नाही, आणि कुणाच्या तरी मालकीचं होऊन ते घरी जाईल. मलानींनी तैलचित्रं केली, चांगली केली, विकलीही. पण या व्यवस्थेवरचा त्यांचा अविश्वास फार जुना आहे.

जन्म १९४६ चा, कराचीतला. फाळणीत कुटुंब कलकत्त्याला आलं. वडील टाटा एअरलाइन्समध्ये होते. पुढे मुंबई, आणि तिथे निर्वासित सिंध्यांसाठी बांधलेल्या वसाहतीतलं घर. स्वतःला न आठवणारी पण घरातल्या प्रत्येक बोलण्यात असलेली फाळणी हा या पिढीचा वारसा, आणि तो मलानींच्या चित्रांत फार उशिरा, जवळजवळ पन्नाशी उलटल्यावर उघडपणे आला. हे नोंदवून ठेवलं पाहिजे, कारण त्यांच्यावर लिहिताना फाळणीपासून सुरुवात करून सगळं काम त्या एका जखमेला बांधून टाकायची रीत पडली आहे. तरुण मलानींच्या कामात ती जवळपास नाही. तिथे आहे ती मुंबई.

१९६४ ते ६९ या काळात त्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या, आणि त्याच वेळी वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना कामाला जागा मिळाली होती. या संस्थेबद्दल मराठीत अधूनमधून हळवं लिहिलं जातं. हळवेपणा बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतो. एकाच छपराखाली गायतोंडे आणि हुसेन रंग लावत होते, रविशंकरांची संगीतशाळा होती, सत्यदेव दुबे तालमी घेत होते. कलाशाळेत विशीतल्या मुलीला चित्रकला हा एक स्वतंत्र विभाग म्हणून शिकवला जात होता. इथे तिला शेजारच्या खोलीतलं तबल्याचं ठेक्याला बसणं आणि नटाचं तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं ऐकू येत होतं. पुढच्या कामात नाटक, आवाज आणि चित्र एकमेकांत इतक्या सहज शिरतात, त्याचं मूळ एखाद्या सिद्धान्तापेक्षा या शेजारात शोधावं असं मला वाटतं.

१९६९ मध्ये अकबर पदमसींनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' सुरू केलं. कल्पना साधी होती आणि आजही आपल्याकडे ती दुर्मिळच आहे: चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमाचा कॅमेरा चालवणारे, मुद्राचित्रकार, अगदी मनोविश्लेषकसुद्धा एका जागी यावेत, कॅमेरा आणि डार्करूम सगळ्यांना खुली असावी, आणि कुणी काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. स्वतः पदमसींनी इथे 'सिझिजी' नावाचा, नुसत्या रेषांचा आणि आकृत्यांचा चित्रपट केला. मलानी या जमावात वयाने सगळ्यांत लहान आणि एकट्याच बाई.

त्यांनी इथे जे केलं ते आज पाहताना चकित व्हायला होतं. 'ड्रीम हाउसेस' (१९६९) हा आठ मिलिमीटरवरचा छोटा रंगीत चित्रपट. पुठ्ठ्याची घरांची प्रतिकृती करून तिच्यावर रंगीत प्रकाश टाकला, आणि एकेक चौकट टिपत तो केला. स्वातंत्र्यानंतरच्या आधुनिक वास्तुरचनेचं, चार्ल्स कोरियांसारख्यांच्या नव्या शहराचं स्वप्न त्यात आहे. लाल, पिवळे, निळे चौकोन एकमेकांवर सरकतात आणि सगळं शक्य आहे असं वाटत राहतं. त्याच वर्षीच्या 'ओननिझम'मध्ये मात्र एक बाई पलंगावर चादरीशी झटापट करते आहे, काळ्यापांढऱ्यात, फार जवळून. एकाच मुलीने एकाच वर्षी या दोन गोष्टी केल्या. एकीकडे नेहरूंच्या काळाचा भरवसा, दुसरीकडे बंद खोलीतला देह. पुढे १९७६ मध्ये त्यांनी 'ड्रीम हाउसेस'च्या शेजारी दुसरा काळापांढरा चित्रपट ठेवून 'युटोपिया' हे जोडकाम पुरं केलं. एका पडद्यावर ते रंगीत स्वप्न, दुसऱ्यावर खिडकीशी उभी एक तरुणी आणि बाहेर पसरलेली, त्या स्वप्नाशी काहीही देणंघेणं नसलेली मुंबई. दोन पडदे एकमेकांना खोडत राहतात आणि बघणाऱ्याला मध्ये उभं राहावं लागतं. पुढच्या चाळीस वर्षांचं व्याकरण इथेच तयार झालं.

याशिवाय 'टॅबू' (१९७३). राजस्थानातल्या विणकरांच्या समाजात बायका सूत काततात, तयारी सगळी करतात, पण मागाला हात लावू शकत नाहीत, यावरचा हा लघुपट. तो माहितीपट म्हणून अर्धवट वाटतो, आणि तसा तो आहेही. पण साधन कुणाच्या हाती, हा प्रश्न इथे पहिल्यांदा थेट आला.

हे चित्रपट नंतर पडून राहिले. त्या काळी अशा कामाला जागा नव्हती. चित्रपटगृहात ते लागणार नव्हते, गॅलरीत प्रोजेक्टर नव्हता, आणि विकत घेणारा तर नव्हताच. पदमसींचा दुसरा चित्रपट, 'इव्हेन्ट्स इन अ क्लाउड चेंबर', त्याची एकमेव प्रत हरवली. २०१६ मध्ये आशिम अहलुवालियांनी त्या हरवण्यावरच एक चित्रपट केला. कार्यशाळाही काही वर्षांतच आटोपली. भारतीय व्हिडिओ कलेचा इतिहास बहुतेक जण नव्वदच्या दशकापासून सांगतात. मधली वीस वर्षं अशी गळाली आहेत, आणि ती गळाली याचं कारण कलावंत कमी पडले हे नाही. काम जपणारी कपाटं नव्हती.

१९७० ते ७२ फ्रान्स सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिस. ते दिवस विद्यार्थी-आंदोलनानंतरचे. राजकारण आणि स्त्रीवाद यांचं वाचन तिथलं. तिथेच राहता आलं असतं, त्या परत आल्या. यावर फार रेंगाळण्यासारखं काही नाही. परतल्यावरची दहा-बारा वर्षं त्यांनी मुख्यतः चित्रं काढली: कुटुंब, मध्यमवर्गीय खोल्या, एकमेकांकडे न बघणारी माणसं. १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनात भूपेन खखर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी आणि आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धन यांच्याबरोबर त्या होत्या. गीता कपूर यांनी या प्रदर्शनाची वैचारिक मांडणी केली. माणूस आणि त्याची गोष्ट भारतीय चित्रात परत आणायची, असा तो पवित्रा होता. पटवर्धन त्या वाटेने आजवर सातत्याने चालत आले आणि मुंबईच्या उपनगरांची एक अजोड दृश्यबखर त्यांनी उभी केली. मलानींनी ती वाट सोडली. दोघांपैकी कोण बरोबर, हा प्रश्न निरर्थक आहे. पण एकाच शहराकडे बघणारे दोन चित्रकार एकाच ठिकाणाहून निघून इतके लांब कसे जातात, हे पाहण्यासारखं आहे. पटवर्धनांचा विश्वास आहे की माणसाकडे पुरेसा वेळ नीट बघितलं तर चित्र त्याला धरून ठेवू शकतं. मलानींचा त्या धरून ठेवण्यावरच विश्वास नाही.

याला त्यांचा स्टुडिओही कारण असावा. क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडची लोहार चाळ म्हणजे विजेच्या सामानाचा घाऊक बाजार. वायरींची भेंडोळी, पंखे, झुंबरं, डोक्यावर खोकी घेतलेले हमाल, हातगाड्या, आणि या सगळ्यांतून वाट काढणारी माणसं. चित्रकार सहसा शांत उजेड शोधत उत्तरेकडच्या खिडक्या बघत हिंडतात. मलानींनी वर्षानुवर्षं या गजबजाटाच्या वर बसून काम केलं. त्यातून जलरंगातली 'लोहार चाळ' मालिका आली, आणि नंतर 'हायरोग्लिफ्स, लोहार चाळ'. या दुसऱ्या कामात त्यांनी एकच रेखाटन फोटोकॉपी करून त्यावर पुन्हा काढलं, पुन्हा कॉपी केली, पुन्हा रंगवलं आणि त्याची पुस्तकं बांधली. रस्त्यावरचा तोच हमाल पानोपानी बदलत जातो, झिजत जातो. झेरॉक्सचं यंत्र तेव्हा प्रत्येक कोपऱ्यावर आलं होतं. प्रतिष्ठित चित्रकार त्याला कलेचं साधन मानत नव्हते. मलानींनी ते उचललं, आणि मूळ प्रत कोणती हा प्रश्न आपोआप निकालात निघाला.

याच सुमाराला त्या भूपेन खखरांकडून काचेच्या मागच्या बाजूने रंगवायचं तंत्र शिकल्या. अठराव्या शतकात चिनी व्यापाराबरोबर हे आपल्याकडे आलं आणि पेशवाईपासून तंजावरपर्यंत पसरलं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात त्याचे नमुने आहेत. चित्रकाराच्या हाताला हे तंत्र उलटं फिरवतं. नेहमीच्या चित्रात जे शेवटी येतं, डोळ्यातला पांढरा ठिपका, नथीचा मोती, बाह्यरेषा, ते इथे सगळ्यांत आधी लावायचं. मग कपड्याचा रंग, आणि पार्श्वभूमी सगळ्यांत शेवटी. एकदा लागलेलं झाकता येत नाही, कारण समोरून सगळ्यांत पुढे तेच दिसणार. खखरांनी हे बाजारू, देवघरातलं तंत्र मिश्कीलपणे वापरलं. मलानींना त्यात दुसरंच काहीतरी दिसलं. आधार पारदर्शक आहे, म्हणजे त्यातून उजेड जाऊ शकतो. काचेच्या जागी त्यांनी मायलरची लवचिक पारदर्शक फिल्म आणि पुढे अॅक्रिलिकचे पत्रे घेतले. फिल्म वाकवली की नळकांडं होतं. नळकांडं फिरवता येतं. इथून फिरत्या सावल्यांपर्यंतचा प्रवास वरवर तांत्रिक आहे, पण त्याला दहा वर्षं लागली.

मधल्या काळात बायका-बायकांची एक मोहीम झाली. १९७९ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री कलावंतांनी चालवलेली सहकारी गॅलरी पाहून मलानींच्या मनात ते घोळत होतं. १९८७ ते ८९ मध्ये अर्पिता सिंग, निलीमा शेख, माधवी पारेख आणि मलानी यांनी 'थ्रू द लुकिंग ग्लास' हे प्रदर्शन देशातल्या पाच बिगरव्यावसायिक जागी नेलं. चौघींची चित्रं एकमेकींसारखी नव्हती आणि तसा आवही नव्हता. ठरवलं होतं ते इतकंच की आकार लहान, कागद आणि जलरंग चालतील, आणि भव्य कॅनव्हासच्या मर्दुमकीशी स्पर्धा करायची नाही. त्या प्रदर्शनाच्या उल्लेखाशिवाय नंतरच्या भारतीय स्त्री-चित्रकलेबद्दल लिहिताच येत नाही.

१९९२ मध्ये मलानींनी जे केलं ते माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यांत धाडसी काम. जहांगीर आर्ट गॅलरीच्या वरच्या मजल्यावर तेव्हा गॅलरी केमोल्ड होती. तिथे 'सिटी ऑफ डिझायर्स' या नावाखाली त्यांनी थेट भिंतींवर चित्रं काढली. विकण्यासारखं काही नव्हतं. प्रदर्शन संपलं की भिंती रंगवून टाकल्या. राजस्थानात नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं दुर्लक्षाने नष्ट होत होती, त्यावरचा हा निषेध होता: तुम्ही जे बेफिकिरीने नाहीसं होऊ देता, ते मी तुमच्या डोळ्यांदेखत, ठरवून नाहीसं करते. भित्तिचित्र पुसण्याचा हा विधी त्यांनी पुढे जगभरच्या संग्रहालयांत चालू ठेवला. आता प्रदर्शनाच्या शेवटी पुसण्याचाही कार्यक्रम असतो, प्रेक्षक जमतात, चित्रण होतं. खरं सांगायचं तर तिथे धार थोडी बोथट झाली आहे. केमोल्डमधली भिंत एका विकाऊ जागेत न विकण्यासाठी काढली होती, त्यामुळे ती झोंबली. संग्रहालयाने आमंत्रण देऊन पुसायला लावलेली भिंत झोंबत नाही, तिचं कौतुक होतं.

त्या वर्षाअखेरीला बाबरी मशीद पडली, मुंबई पेटली, आणि या शहरातल्या कलावंतांना कॅनव्हास पुरेनासा झाला. विवान सुंदरम यांनी रस्त्यात पडलेल्या प्रेताच्या वृत्तपत्रीय छायाचित्राभोवती 'मेमोरियल' रचलं. रुम्माना हुसेन यांनी फुटक्या मडक्यांकडे आणि स्वतःच्या देहाकडे मोर्चा वळवला. नवज्योत अल्ताफ यांनी 'लिंक्स डिस्ट्रॉइड अँड रिडिस्कव्हर्ड' उभं केलं. दशकाच्या शेवटी शर्मिला सामंत, तुषार जोग आणि त्यांचे सहकारी 'ओपन सर्कल' या नावाने थेट रस्त्यावरच्या प्रश्नांत उतरले. मांडणशिल्प आपल्याकडे परदेशी फॅशन म्हणून आलं, असं जे.जे.च्या आवारातल्या कट्ट्यांवर अजूनही म्हटलं जातं. मुंबईपुरतं तरी ते दंगलीनंतरच्या राखेतून आलं, असं म्हणायला हवं.

मलानी या वळणावर नाटकाकडे गेल्या. १९९३ चं 'मेडिया प्रोजेक्ट' अलकनंदा समर्थ या विलक्षण अभिनेत्रीबरोबर झालं, जर्मन नाटककार हायनर म्युलर यांच्या संहितेवर. १९९७ मध्ये अनुराधा कपूर यांच्या दिग्दर्शनाखाली ब्रेख्तच्या गोष्टीवरचं 'द जॉब' आलं. नवऱ्याची नोकरी टिकवण्यासाठी पुरुषाच्या वेषात पहारेकरी होणाऱ्या बाईची ती गोष्ट. पुढे जपानमध्ये फुकुओका इथे केलेल्या 'हॅम्लेटमशीन'मध्ये व्हिडिओ मिठाच्या थरावर आणि नर्तकाच्या देहावर पडतो. नाटकाने त्यांना शिकवलं ते काळाबद्दल. चित्रकाराला प्रेक्षक किती वेळ थांबेल हे हातात नसतं. नाटकवाल्याला ते हातात ठेवावंच लागतं.

आणि मग १९९८ चा मे. ११ आणि १३ तारखेला पोखरणला भारताचे अणुस्फोट, महिनाअखेरीला पाकिस्तानचे चगाई इथले. रस्त्यावर पेढे वाटले गेले. मलानींचं उत्तर होतं 'रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग'. मंटोची ती गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसांची फाळणी होते आणि एक म्हातारा दोन देशांमधल्या बेवारस जमिनीवर कोसळतो. मलानींनी ती गोष्ट नाट्यरूपात सांगितली नाही. जमिनीवर पत्र्याच्या १२ ट्रंका, अंथरुणं कोंबलेल्या, आणि प्रत्येकीत एक छोटा टीव्ही, त्यावर विस्थापितांची हलती चित्रं. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका, एक इकडची एक तिकडची, मधली खोली ओलांडून एकच साडी घडी करायचा प्रयत्न करतात. साडीची घडी घालायला दोन माणसं लागतात हे प्रत्येक घरात माहीत असतं. टोकं जुळत नाहीत. मधल्या भिंतीवर अणुस्फोटाचा ढग वर चढतो. कानावर मंटोच्या गोष्टीतले उतारे पडत राहतात.

हे काम तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांसमोर आलं. तिथे शाळांच्या सहली येतात, गावाकडून मुंबई बघायला आलेली कुटुंबं येतात. गॅलरीचा उंबरा न ओलांडणारा माणूस त्या ट्रंकांच्या मध्ये उभा राहिला. त्याला हायनर म्युलर माहीत असण्याची गरज नव्हती. पत्र्याची ट्रंक त्याने पाहिलेली असते. निदान एक पलंगाखाली असतेच. मलानींच्या कामात मला हे सगळ्यांत वरचं वाटतं, आणि त्याचं कारण तंत्रज्ञान नाही. तिथे वस्तू थोड्या आहेत आणि प्रत्येक वस्तूचं दुसरीशी वैर आहे. साडी आणि ढग, ट्रंक आणि टीव्ही.

२००१ च्या 'ट्रान्सग्रेशन्स'पासून ज्यांना त्या व्हिडिओ-छायानाट्य म्हणतात ती कामं सुरू झाली. छताला टांगलेली मायलरची नळकांडी मागून रंगवलेली, मोटरवर संथ फिरणारी. त्यांच्यातून व्हिडिओचा झोत जातो आणि भिंतीवर रंगवलेल्या आकृतींच्या सावल्या आणि व्हिडिओ एकमेकांत मिसळतात. कालीघाटच्या चित्रांतल्या बायका, पोथीतले राक्षस, कंपनी सरकारचे साहेब, कुत्री, मेंदू, सगळे गोल गोल जात राहतात. खोलीत शिरलेल्या माणसाची सावलीही त्यांच्यात पडते. 'युटोपिया'च्या दोन पडद्यांमध्ये उभा राहिलेला प्रेक्षक आता थेट चित्राच्या आत आला.

या रचनेबद्दल लिहिताना परदेशी समीक्षक मॅजिक लँटर्न आणि आदिम गुहांचे दाखले देतात. मराठी वाचकाने कल्याणपर्यंत गेलं तरी पुरे. तिथल्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली. काचेच्या पट्ट्यांवर रंगवलेल्या आकृती, त्या सरकवण्याची युक्ती, मागून दिव्याचा झोत आणि सोबत कथन. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला चित्रकथीची पोथी आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ एकाच समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चालवला. रंगवलेलं चित्र, उजेड, हालचाल, आवाज आणि गोष्ट ही पाच अंगं एकत्र असणं इथल्या माणसाला कधी परकं नव्हतं. त्यांची फारकत कलाशाळेने केली. मलानींनी पिंगुळीवरून काही उचललं असा माझा दावा नाही. मात्र त्यांच्या कामाला 'नवमाध्यम' म्हणताना आपण कोणत्या जुन्या गोष्टी विसरतो आहोत, एवढं तरी दिसावं.

फरक एका ठिकाणी आहे आणि तो मोठा आहे. पिंगुळीच्या चित्रकथीला गोष्ट सांगणारा असतो. रामायणातला प्रसंग कोणता हे प्रेक्षकाला माहीत असतं. मलानींच्या सावल्यांना गोष्ट सांगणारा एक नसतो, आणि संदर्भ अनेक असतात. २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या 'डॉक्युमेंटा' या प्रदर्शनात दाखवलेलं 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' घ्या. सहा प्रोजेक्टर, पाच नळकांडी, अकरा मिनिटं. शीर्षक फैज यांच्या कवितेवरून. आत ख्रिस्ता वुल्फची कसांड्रा, महाश्वेतादेवींची 'द्रौपदी', रिल्के, बेकेट, पुन्हा हायनर म्युलर. दृश्य म्हणून हे झपाटून टाकणारं आहे. बाईच्या बांधलेल्या चेहऱ्यावर अक्षरं सरकतात तेव्हा श्वास अडकतो. पण सोबतचं माहितीपत्रक न वाचता किती पोचतं? 'द्रौपदी' वाचलेल्या माणसालाही ती इथे ओळखू येईल याची खात्री नाही, आणि ज्यांच्याबद्दल ती गोष्ट आहे त्यांचा तर या खोलीशी संबंधच नाही. उद्धृतांची गर्दी झाली की उद्धृत साक्षीदार राहत नाही, ओळखपत्र होतं. मलानी कमालीच्या वाचक आहेत, आणि हे वाचन त्यांच्या काही कामांच्या पायात येतं असं माझं मत आहे. त्या मानाने २००५ चं 'मदर इंडिया', व्हेनिसला दाखवलेलं, अधिक आवळलेलं आहे. समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांच्या एका निबंधातून ते सुचलं. फाळणीत पळवल्या गेलेल्या बायका आणि २००२ चा गुजरात हे त्याचे दोन ध्रुव. तिथे विषय एक, म्हणून पाच पडदे त्याला पेलतात.

सिंहावलोकनी प्रदर्शनं मग एकामागून एक झाली: २०१४ मध्ये दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात तीन भागांत, २०१७–१८ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात आणि तुरिनजवळच्या रिव्होलीच्या किल्ल्यात. १९६९ चे ते विसरलेले चित्रपट या काळात डिजिटल होऊन पुन्हा फिरू लागले. हे चांगलंच झालं. पण अशा कामांचं जपणं ही कटकटीची गोष्ट आहे. मोटर बंद पडते, जुन्या पद्धतीची व्हिडिओ टेप वाचणारं यंत्र मिळत नाही, बारा टीव्ही एकाच जातीचे सापडत नाहीत. परदेशी संग्रहालयांकडे यासाठी माणसं आणि खाती असतात. आपल्या सार्वजनिक संग्रहालयांत जलरंगाच्या कागदाला बुरशी लागू नये याचीच मारामार आहे. म्हणून मुंबईत जन्मलेलं काम मुंबईच्या विद्यार्थ्याने बघायचं ते बहुधा पुस्तकातल्या छायाचित्रात, म्हणजे न हलणारं. हा दोष कलावंताचा नाही, पण या कलेची आपल्याकडची अवस्था याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

२०१७ पासून मलानी आयपॅडवर बोटाने चित्रं काढतात आणि त्यांची काही सेकंदांची अॅनिमेशन्स करतात. सुरुवातीला ती त्यांनी इन्स्टाग्रामवर वहीच्या पानांसारखी टाकली. मोटर नाही, नळकांडं नाही, सहायकांचा ताफा नाही. २०१८ मध्ये कठुआत आठ वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिला मारण्यात आलं, त्या बातमीतून 'कॅन यू हिअर मी?' आकाराला आलं. अशी ८८ अॅनिमेशन्स नऊ प्रोजेक्टरमधून एका खोलीच्या भिंतींवर एकाच वेळी धावतात. दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी, डोकी, खरडलेली वाक्यं, वरून दुसरं चित्र, ते पुसून तिसरं. रेषा चिडलेली, घाईची, कधी कधी मुद्दाम कुरूप. इथेही उद्धृतं आहेतच. तरी ती आता भिंतीवर संतापाने लिहिल्यासारखी येतात आणि जातात, वाचून झाली नाहीत तरी बिघडत नाही. इतक्या यंत्रांच्या फेऱ्यानंतर हात पुन्हा मोकळा झालेला दिसतो, आणि सगळ्या माध्यमांच्या खाली इतकी वर्षं काय होतं तेही दिसतं. त्या पहिल्यापासून रेखाटणाऱ्याच होत्या. पुठ्ठ्याचं घर असो की फोटोकॉपीतला हमाल, रेषेला कुठे आणि कसं चालायला लावायचं हेच त्या शोधत होत्या.

२०२३ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत झालेल्या 'माय रिअॅलिटी इज डिफरन्ट'मध्ये त्यांनी हीच रीत कॅराव्हाज्जो आणि ब्राँझिनो यांच्यावर वापरली. गॅलरीतल्या नामांकित चित्रांचे तुकडे आयपॅडवर घेऊन त्यांवर गिरगटायचं, खोडायचं, मागच्या नोकराणीला पुढे आणायचं. २५ अॅनिमेशन्स, नऊ प्रोजेक्टर, ४० मीटर लांबीची भिंत. बिनचेहऱ्याचे गुलाम, विकल्या गेलेल्या बायका, साम्राज्याच्या पैशावर जमवलेली चित्रं, सगळ्यांचा हिशोब. लंडनच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली, आणि ती घेण्यासारखं ते होतंच. पण तिथे प्रतिपक्ष फार सोयीचा आहे. मेलेल्या गुरूंच्या चित्रांवर त्याच संग्रहालयाच्या निमंत्रणाने ओरखडे काढणं यात आज धोका उरलेला नाही. संग्रहालयांना हल्ली अशी आत्मटीका हवीच असते. पोखरणच्या पेढ्यांची चव तोंडात असताना शहराच्या मध्यावर बारा ट्रंका मांडणं ही वेगळ्या जातीची गोष्ट होती. नॅशनल गॅलरीतलं काम अधिक कुशल आहे, अधिक मुक्त हाताचं आहे, आणि तरीही माझं माप ट्रंकांच्या बाजूने झुकतं.